आप्पा, फोटो आणि पेव

कालपासून आमच्या गल्लीत माझी ओळख 'एक फोटो काढायला साडेतीन तास लावणारा' अशी झाली आहे. कृपा आप्पांची.

कॉम्प्युटर सुरू होताना कण्हायला लागला, म्हणून आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवायचं ठरवलं. क्लोनझिला हा त्यासाठीचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर चढवला आणि एक टीबीची बाहेरची डिस्क आणली. ती विंडोजला जोडली तर ९३१ जीबी! विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. मार्केट यार्डात कुणी अशी तूट धरली असती तर शेतकऱ्यांनी सौदे बंद पाडले असते. आपण गुमान पैसे देतो.

क्लोनझिलात माउस नाही, नुसते इंग्रजी प्रश्न. घाईत मी केबल यूएसबी २.० च्या जुन्या भोकात खुपसली. वेगवान निळं भोक शेजारी रिकामंच होतं. हे कळलं तेव्हा अकरा टक्के झाले होते आणि आप्पा दारात होते.

आप्पा यार्डातले निवृत्त तोलाईदार. लाइट बिल भरून घ्यायला येतात, चहा घेतल्याशिवाय जात नाहीत.

"काय करायलायस?"

"डिस्कची इमेज काढतोय."

"म्हंजे?"

"फोटो समजा."

इथंच माझं चुकलं.

"मग लेका, मोबाइलवर काढायचा की!" म्हणत त्यांनी खिशातून मोबाइल काढून त्या काळ्या डबीचा फोटो घेतलासुद्धा. "हे बघ. झाला."

मी समजावलं, की आतलं सगळं जसंच्या तसं एका जागी बांधून ठेवतात.

"सगळं? नातीच्या बारशाचे फोटो तुझ्याकडं दिलेले, तेबी?"

"तेही."

"मग त्यातला एक दाखव."

आता या इमेजमधून एकच फाइल सहजासहजी उपसता येत नाही. परत घालायची तर आख्खी डिस्क नाहीतर आख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक पूर्ण कप्पा. हे सांगितल्यावर आप्पांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे फोटो काढलास, पण त्यातला फोटो दाखवता येत न्हाई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

"हरिपूरच्या पेवासारखंच की," आप्पा सुरू झाले. सांगलीजवळच्या त्या गावातली जमिनीतली खोल पेवं, त्यात वर्षानुवर्षं राहणारी हळद, २००५ च्या पुरात पाणी शिरून झालेली नासाडी, सगळं ऐकलं. "तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आधी दिवा सोडायचा. विझला तर आत हवा न्हाई. तू दिवा सोडलास का?"

आता काय सांगू! इमेज झाल्यावर ती तपासायची का, हे क्लोनझिला सुरुवातीलाच विचारतो. आपण नुसतं एंटर दाबलं असतं तरी त्याने तपासली असती. मी मुद्दाम खाली जाऊन 'नको' निवडलं होतं. वेळ वाचवायला! निळं भोक सोडून जुन्यात केबल घालणारा मी.

आप्पा गेले ते थेट पारावर. संध्याकाळी दूधवाल्यानेही विचारलं, "आला का फोटो?" कॉम्प्युटर कुणाचा, डिस्कचे पैसे कुणाचे, बिलं फुकट कोण भरून देतं, हे पारावर कुणी विचारत नाही.

रात्री मुकाट्याने केबल निळ्या भोकात घातली आणि तपासणी लावली. चाळीस टक्क्यांवर लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मागच्या वर्षीच मेली आहे.

अंधारात रस्त्यावरून आवाज आला, "काय रं, दिवा विझला का?"