मजकूर खालून कापला जातो

पत्रकार निवृत्त होतो, पण कॉलनी त्याला निवृत्त होऊ देत नाही. लग्नपत्रिका, मुलाचा बायोडाटा, गणेश मंडळाचा अहवाल, महापालिकेकडे पाण्याची तक्रार, सगळं माझ्या टेबलावर येतं. ‘भाऊसाहेब, तुम्ही पेपरात होते न, जरा नजर टाकून द्या,’ एवढं म्हणून माणूस खुर्चीत बसतो आणि चहा येईपर्यंत उठत नाही. चहा आल्यावर तर अजिबातच नाही.

नजर टाकणे म्हणजे काय, याबद्दल कॉलनीचं आणि माझं जमत नाही. मला वाटतं मजकूर कमी करायचा आहे, त्यांना वाटतं भारी करायचा आहे. ‘चार दिवसांपासून नळाला पाणी नाही’ असं लिहून दिलं की तक्रारदाराचा चेहरा पडतो. ‘बस? हे तं मीपण लिहून टाकलं असतं.’ मग त्यात ‘उपरोक्त विषयान्वये’ घातलं की तो खूश होऊन जातो. पाणी दोन्ही प्रकारांत सारखंच येत नाही.

माझं शिक्षण झालं हिवाळी अधिवेशनात. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे भरतं आणि डिसेंबरात अख्खा महाराष्ट्र आपापली निवेदनं घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेनं चालत येतो. पोलीस मोर्चा विधान भवनाच्या अलीकडेच अडवतात. नेते सांगणार पन्नास हजार, पोलीस सांगणार दोन हजार. आमच्या एका ज्येष्ठ बातमीदारानं नोकरीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं : दोघांचंही लिहून घे, मान डोलव आणि मग तर्री पोहेवाल्याकडे जा. किती प्लेटा गेल्या विचार. त्याला ना निवडणूक लढवायची असते, ना बंदोबस्ताचा हिशेब द्यायचा असतो. (चौकशीच्या नावाखाली आपलीही एक प्लेट होते, ही त्यांची पुरवणी सूचना.)

हे ज्ञान कॉलनीत चालत नाही. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं. आमच्या ग्रुपवर अक्षरशः जल्लोष. नागपूरकराला उन्हाचाही अभिमान असतो. मी लिहिलं, ‘जरा थांबा, आधी यंत्र तपासू द्या.’ लगेच उत्तर आलं, ‘पेपरवाले दाबून राहिले वाटते!’ पुढे हवामान खात्यानं यंत्रातच दोष असल्याचं सांगितलं. ग्रुपवर सुतकी शांतता पसरली. हातातला विक्रम गेल्याचं खापर मात्र माझ्यावर फुटलं.

पण परवा आले ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले भाऊ. हातात फुलस्केपची तीन पानं. वर वळणदार अक्षरात ‘निधनवार्ता’.

‘कोण गेलं?’ मी दचकून विचारलं.

‘मीच. म्हणजे अजून नाही. पोरगा पुण्याला आहे, त्याला मराठीत चार ओळी जमत नाहीत. आपली आपण तयार असलेली बरी.’

तारखेची जागा रिकामी होती, घाटाचं नाव भरलेलं होतं. अंबाझरी. सुरुवात काटोलच्या जन्मापासून. मग ‘वर्गात सदैव प्रथम’, मग बदल्या. गोसेखुर्दवर अख्खं पान. त्या धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली, भाऊ रुजू झाले, निवृत्त झाले, काम चालूच राहिलं. यात आपला काही दोष नाही, हे त्यांनी कंसात नोंदवलं होतं. निधन तिसऱ्या पानावर, अगदी शेवटच्या ओळीत.

‘भाऊ, निधन वर घ्या.’

‘इतक्या लवकर?’

मी त्यांना धंद्याची रीत सांगितली. रात्री उशिरा जाहिरात येते, पानावर जागा उरत नाही आणि उपसंपादकाला तीन पानं वाचायला वेळ नसतो. तो खालून कापत जातो. म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. आणि शक्यतो डिसेंबरात जाऊ नका, अधिवेशनात निधनवार्तेला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. ही सूचना त्यांनी गंभीरपणे टिपून घेतली.

‘म्हणजे त्यानं शेवटची ओळ कापली तर?’

‘तर तुम्ही काटोलला जन्मले, पहिले आले, गोसेखुर्दला होते, एवढंच छापून येईल. तुम्ही गेले हे पेपरात कुठंच येणार नाही.’

भाऊंनी तिन्ही पानं माझ्या हातातून काढून घेतली, नीट घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, ‘मग राहू द्या न. हेच फायनल.’