समुद्राचं मॉनिटरिंग कसं करावं (काहीही न सापडता)

पुण्यात समुद्र नाही ही सबब सांगू नका. कोथरूडमधे एक वन बीएचके भाड्याने घ्या, दारावर पर्यावरण सल्लागार अशी पाटी ठोका, झालं. आणि अनुभवाचं म्हणाल तर मुळा-मुठेत आपण जे सोडतो ते भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडेच जातंय की.

काम सोपंय. बंदरातला गाळ उपसून बार्जने समुद्रात नेऊन ओततात, तिथं काय परिणाम झाला ते तुम्ही बघायचं. समुद्रात कचरा टाकण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे १९७२ चं लंडन कन्व्हेन्शन आणि मग त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल, त्यात तर मोजक्या यादीतल्या वस्तू सोडून समुद्रात काहीच टाकायचं नाही असं आहे, पण घाबरू नका, उपसलेला गाळ त्या यादीत आहे. फक्त परिणामाचा अंदाज आधी लिहायचा आणि नंतर तो मोजून तपासायचा अशी एक कटकट आहे. तर अंदाजच असा लिहा की तपासता येऊ नये. "परिणाम नगण्य व तात्पुरते असू शकतात." बघा, जमतंय.

गाळ तळाला बसतो, म्हणून सॅम्पल नेहमी वरच्या पाण्याचं घ्यायचं, शक्यतो भरतीला. तुलनेसाठी स्वच्छ जागा लागते, ती त्याच प्रवाहात थोडी पुढे पकडा म्हणजे दोन्हीकडे सारखीच घाण, फरक शून्य.

तळातला चिखल काढायचीच वेळ आली तर चाळणीकडे लक्ष द्या, सगळी गंमत तिथंय. चिखल चाळून वर उरलेले किडे मोजतात, आणि तळातले किडे बारीक असतात. गाळ टाकण्याआधीच्या सर्व्हेला एक मिलिमीटरची चाळणी, नंतरच्याला अर्ध्या मिलिमीटरची, जीव आपोआप वाढतात! आणि मैलायुक्त गाळ असेल तर त्याचीही गरज नाही, बाकीच्या जाती मरतात आणि कॅपिटेला नावाचा एक किडा बेसुमार माजतो, मग 'जातींची संख्या' हा कॉलम काढून टाकायचा आणि 'एकूण जीव' ठेवून हिरवा बार चार्ट छापायचा.

खाली जाऊन बघायच्या भानगडीत मात्र पडू नका हं. न्यूयॉर्कच्या बाहेर १९९२ पर्यंत सांडपाण्याचा गाळ सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यात ओतायचे, एवढ्या खाली काय पोचणार म्हणून निवांत होते, तर काही आगाऊ शास्त्रज्ञ पाणबुडीतून गेले आणि तळातले सी अर्चिन (काटेरी, गोल समुद्री प्राणी) तोच गाळ खाताहेत हे शोधून आले. काय मिळालं त्यांना!

जनसुनावणीत एखादे कोळीकाका उठून म्हणतील, "सायेब, जाळ्यात नुसता चिखल येतोय." तेव्हा शांतपणे विचारायचं, काका, अक्षांश-रेखांश लिहून ठेवलेत का? नाही ना. मग ते निरीक्षण शास्त्रीय नाही, आणि शेवटच्या पानावर लिहायचं की सखोल अभ्यासाची गरज आहे, सोबत कोटेशन जोडायचं, जीएसटी वेगळा.