पायगुण

परवाच्या शनिवारी आमचा फुटबॉल क्लब सात आठवड्यांनी जिंकला, आणि तो एकमेव गोल मी चहाच्या रांगेत उभा राहून ऐकला. पाहिला नाही, ऐकला. सीझन तिकिटाचे रोख पैसे मोजून.

क्लबचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याची आधीच पुरेशी शोभा झालीय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या 20 संघांत आम्ही अठरावे आणि शेवटचे 3 चॅम्पियनशिप नावाच्या खालच्या लीगमध्ये जातात, एवढ्यावरून आमची झोप का उडालीय ते समजून घ्या. या मोसमात दोन मॅनेजर गेले. तिसऱ्याला घालवावं की ठेवावं, यावर आमच्या स्टँडमध्ये मैदानापेक्षा जास्त चुरस असते.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा बसतात. गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल. गेली पन्नास वर्षं ते या मैदानावर येतायत आणि आशा नावाच्या रोगावर त्यांच्याकडे अक्सीर औषध आहे.

"40 पॉइंट झाले की वाचलो," मागून कुणीतरी म्हणालं.

"वेस्ट हॅम 2003 मध्ये 42 पॉइंट करून खाली गेलं," आजोबा मान न वळवता म्हणाले.

"पण वेस्ट ब्रॉम 34 वर वाचलं होतं ना?"

"2005. अपवाद."

"मॅनेजर बदलला की फरक पडतो हो! लेस्टरने 2017 मध्ये रानिएरीला काढलं आणि वाचले की!"

"आदल्याच वर्षी त्याने लीग जिंकून दिली होती. वाचले, खरंय. मग 2023 मध्ये गेले."

माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "आजोबा, आपण गोल तरी बरे करतो."

"मँचेस्टर सिटी, 1938," ते म्हणाले. "आदल्या वर्षीचे विजेते. लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्यांचेच. खाली गेले."

यावर काय बोलणार? मी मॅनेजरच्या नावाने ओरडायला लागलो. अर्धा तास राहिलेला, 0-0, आणि हा गृहस्थ हाताची घडी घालून बस चुकल्यासारखा उभा! "काढा त्याला!" मी बोंब मारली. आजोबांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू चहा प्यायला का जात नाहीस?"

"मला नकोय."

"तुला हवाय की नको, असं कुठे विचारलं मी?"

त्यांनी वही उघडून समोर धरली. एका पानावर माझा खुर्ची नंबर, खाली रेघा. मी बसलो ते 13 सामने, पॉइंट 7. सर्दीतापाने आलो नाही ते 2 सामने, पॉइंट 6. खाली दुहेरी रेघ. यावर वाद तरी कसा घालायचा? हाकललेल्या दोन्ही मॅनेजरांची सरासरी माझ्यापेक्षा बरी होती.

आमच्याकडे याला पायगुण म्हणतात. अख्खा खेळ पायांचा. मैदानावर बावीस जणांचे चव्वेचाळीस पाय, त्यातल्या निम्म्यांना आठवड्याला मी वर्षात कमावत नाही एवढा पगार. आणि दोष कुणाच्या पायांत? माझ्या. एव्हाना पुढच्या दोन्ही रांगा वळून बघत होत्या. एका बाईंनी तर मला वाट द्यायला पाय आखडून घेतले.

गेलो. रांगेत माझ्यापुढे चार जण असताना वरचं छप्पर हादरलं. पळत वर आलो तर जिन्याच्या तोंडाशी आमच्याच रांगेतला एक धटिंगण हात आडवा धरून उभा. "नको," तो म्हणाला. "प्लीज." डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या! शेवटची वीस मिनिटं मी संडासाच्या दाराशी उभा राहून काढली.

हसायचं ते हसा, पण मला खरंच लागलंय ते. मॅनेजरला काढलं तर उरलेल्या कराराची भरपाई मिळते. मला काय मिळालं? चहा, तोही माझ्याच पैशांचा आणि गार. शिवाय जिंकल्याचं श्रेय पेपरांनी दिलं मॅनेजरला, 'धाडसी बदल केले' म्हणून. बदल झाला तो माझ्या खुर्चीत.

सामना संपल्यावर आजोबा बाहेर थांबले होते. मला वाटलं, माफी मागतील.

"पुढचा शनिवार बाहेरच्या मैदानावर, दुपारी तीनला," ते म्हणाले. शनिवारी तीनचे सामने इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, म्हणून मी निर्धास्त होतो.

"घरी रेडिओ लावतोस का?"

"लावतो," मी म्हणालो.

आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीचं कोरं पान उघडलं.