प्रतिक्रियेला उत्तर: कॅम्बर टायर खातो का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे दोन ओळींत न उडवता नीट लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनीच्या इंजिनियरनी ठरवलेली अलाइनमेंट (चाकांचे कोन) आमच्यासारख्या ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी लोकांनी बदलणं म्हणजे आगाऊपणा, निगेटिव्ह कॅम्बरने (म्हणजे चाकाचं वरचं टोक गाडीकडे आत कललेलं असलं की) टायर आतून खाल्ले जातात हे पुण्यातला कुठलाही टायरवाला सांगेल (तुमच्या हॅचबॅकचे तसे गेलेच म्हणता), आणि ग्रिपच हवी तर चांगले टायर घ्या की, चाकं फेंगडी करून शो कशाला.

इंजिनियरचं आधी. ते चुकलेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पण गाडी कोण विकत घेणार हे त्यांना माहीत नसतं ना. पावसात हायवेवर वळणाच्या मधोमध घाबरून पाय उचलणारा माणूससुद्धा जिवंत घरी पोचला पाहिजे, म्हणून गाडी अशी सेट करतात की ग्रिप संपली तर आधी पुढची चाकं घसरतील, मागची नाही. शिवाय टायर रस्त्यावर सगळीकडून सारखा झिजला पाहिजे. त्यामुळे पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास ठेवतात. रस्त्यासाठी एकदम बरोबर. माझी पहिल्या पिढीची मियाटा (माझ्दाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) लगुना सेकावर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या रेस ट्रॅकवर, जाते तेव्हा प्रश्नच वेगळा असतो.

कॉर्नरमध्ये बॉडी बाहेरच्या बाजूला कलते, समजा ३ अंश, आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं, म्हणजे सगळं वजन ज्या टायरवर आलंय नेमका तोच स्वतःच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. मियाटाला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन) आहे, ते यातलं थोडंफार भरून काढतं, तुमच्या गाडीत पुढे असतो तो मॅकफर्सन स्ट्रट फार कमी भरून काढतो, बाकीचं आधीच कॅम्बरच्या रूपाने देऊन ठेवावं लागतं. लगुना सेका घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, डावी वळणं जास्त, त्यामुळे सगळ्यात जास्त मार पुढच्या उजव्या टायरला. रस्त्याच्या अलाइनमेंटवर तिथे दिवसभर चालवा आणि संध्याकाळी तो टायर बघा, बाहेरचा खांदा गोल झालेला आणि आतली कड जवळजवळ नवी. म्हणजे टायर वाचवायचा म्हणून जो कॅम्बर तुम्ही देत नाही, त्यानेच तो टायर वाचला असता.

आता ‘चांगले टायर घ्या’. ही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! जास्त चिकट टायर म्हणजे कॉर्नरमध्ये जास्त जोर, जास्त जोर म्हणजे बॉडी अजून कलणार, म्हणजे कॅम्बर आणखीनच लागणार. साध्या टायरवरून २०० ट्रेडवेअरवाल्यांवर (हा झिजेचा आकडा, जितका कमी तितका टायर साधारण चिकट) गेलेली मंडळी अलाइनमेंट तशीच ठेवून मग ‘इतके महागाचे टायर आणि दोन ट्रॅक डेमध्ये खांदे गेले’ म्हणून रडत बसतात.

पण किती द्यायचा हे मनाने ठरवायचं नसतं, ते टायरला विचारायचं. पिटमध्ये आल्या आल्या सुईवाला थर्मामीटर रबरात टोचून आत, मध्ये, बाहेर अशी तीन मापं घ्यायची. नुसती लाल ठिपक्याची इन्फ्रारेड गन नको, ती फक्त वरचा थर सांगते आणि तो पिटपर्यंत येईतोवर गार झालेला असतो. मधलं माप सगळ्यात जास्त आलं तर हवा जास्त आहे, आधी ती कमी करा, कॅम्बरला हात लावू नका. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम आली तर कॅम्बर कमी पडतोय. आतली कड ५ ते १० अंश सेल्सियसने जास्त असेल तर मी खूश, कारण सरळ पट्ट्यावर टायर आतल्या कडेवरच धावतो, थोडा फरक राहणारच. थर्मामीटर नसेल तर साइडवॉलच्या कडेला खडूने रेघ मारा, खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघून टायर किती दुमडतोय कळतं.

माझी गाडी स्प्रिंगने खाली बसवलेली आहे, त्यावर सध्या कॅम्बर पुढे उणे २.५ अंश, मागे उणे २, पुढचा टो (वरून बघितलं तर चाक सरळ रेषेपासून किती वळलंय ते) शून्य आणि मागे अगदी थोडा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित आत. मागे टो-आउट (पुढची टोकं बाहेर) कधीही ठेवू नका, कॉर्नरमध्ये थ्रॉटल सोडला की गाडीची शेपूट तुमच्या आधी पोचते.

आणि अतीचं म्हणाल तर तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. उणे ७-८ अंशवाल्या ज्या गाड्या फोटोत दिसतात तो निव्वळ शो. २०११ च्या फॉर्म्युला वनच्या बेल्जियन ग्रांप्रीत रेड बुल टीमने टायर पुरवणाऱ्या पिरेलीने सांगितल्यापेक्षा जास्त कॅम्बर लावला होता, तिथल्या स्पा ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यांवर पुढच्या टायरच्या आतल्या खांद्यांना फोड आले आणि रेसच्या आधी टीमची झोप उडाली. त्यांचा ड्रायव्हर व्हेटेल जिंकला ती गोष्ट वेगळी.

पण रस्त्यावर टायर खाणारा खरा चोर टो आहे, कॅम्बर नाही. गणितच करून बघा. चाक फक्त ०.१ अंश तिरकं असेल तर दर किलोमीटरमागे ते जवळपास पावणेदोन मीटर आडवं घासलं जातं. १०,००० किलोमीटरमध्ये सतरा-साडेसतरा किलोमीटर! कॅम्बरमध्ये चाक नुसतं कललेलं असतं, फरफटत जात नाही. आणि गंमत म्हणजे कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो, म्हणून टो नेहमी शेवटी. लोक बोल्ट फिरवून कॅम्बर देतात, टो न बघता निघून जातात, महिन्याभरात टायरची आतली कड जाते आणि शिव्या कॅम्बर खातो.

मियाटात खालच्या आर्मला एक्सेन्ट्रिक बोल्ट (फिरवले की चाकाचा कोन बदलणारे) असतात, ते जुने झाले की गंजून आतल्या पाइपलाच चिकटतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं नाही तर दिवस तिथेच जातो. फिरवून झालं की गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करायचे, जॅकवर केले तर आर्मच्या जोडातले रबरी बुश पीळ खाऊन बसतात. ड्रायव्हरच्या सीटवर स्वतःच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवून मगच मापं घ्यायची. शेवटी पेंटच्या मार्करने बोल्टवर रेघ मारतो, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) खाऊन आल्यावर रेघ जुळत नसली तर सरकला म्हणून समजायचं.

आता तुमच्या हॅचबॅकचं. तुमच्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला पुढे स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो, त्यात कंपनीने अ‍ॅडजस्ट करायला ठेवलेला असतो तो फक्त पुढचा टो. त्यामुळे ‘साहेब, कॅम्बर आउट आहे’ म्हणून कोणी जॅक लावून स्ट्रट वाकवायला निघाला तर त्याला थांबवा आणि आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा, त्यात टो बघा. त्याही आधी, टायर अजून टाकून दिले नसतील तर झिजलेल्या भागावर तळहात फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं बोचलं तर तो टो. दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर कॅम्बरवर संशय घ्यायला माझी हरकत नाही, मग स्ट्रट वाकलाय का किंवा बुश गेलेत का ते तपासून घ्या. हाताला काय लागलं ते खाली लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.