साडेचार तासांत लंडन

लंडनचं तिकीट काढल्याचं कळलं, की सोसायटीत एकच प्रश्न: "किती तास लागतात हो?" याला सरळ उत्तर असतं तर काय हवं होतं!

तिकिटावर मुंबईहून दुपारी 2 ला निघायचं, लंडनला संध्याकाळी 6:30 ला पोचायचं. साडेचार तास. शेजारचे काका हिशोब करून गार पडतात, "एवढ्यात तर आमची एसटी महाबळेश्वरलाही टेकत नाही!" मग परतीचं पाहतात: रात्री 8 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 10:30. साडेचौदा तास. "येताना पॅसेंजर दिली वाटतं."

दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, एवढंच. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. जाताना ते मिळवा, येताना वजा करा. 10 आणि 9 तास निघतात. उरलेला तासाचा फरक मात्र खरा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात, जाताना तोंडावर, येताना पाठीशी.

काट्यांचं घड्याळ असेल तर वजाबाकीही नको. हातातलं घड्याळ काढून उलटं धरायचं, 12 खाली, 6 वर. आपले अडीच वाजले असतील तर काटे साधारण 9 दाखवतात. लंडनला तेव्हा सकाळचे 9 च असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि ही जादू ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद पडते. डिजिटलवाल्यांनी बोटं मोजावीत.

घरोघरी एक हुशार भाचा असतोच. तो म्हणतो, अंतर साधारण 7,200 किलोमीटर, वेग 900, म्हणजे आठच तास! बाळा, ते अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं. विमान दोऱ्यावरून जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांनी वळत जातं. शिवाय तिकिटावरची वेळ इथल्या गेटपासून तिथल्या गेटपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. मग विमानं अंधेरी स्टेशनबाहेरच्या रिक्षांसारखी एकामागे एक उभी. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरही गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात प्रदक्षिणा.

पण हे सगळं परवडलं. माणसं खरी फसतात ती रात्रीच्या विमानाला. पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, तिकिटात मध्यरात्री. शनिवारी रात्री 1:30 असं आपण म्हणतो, तेव्हा तिकिटाच्या लेखी रविवार उजाडलेला असतो. तिकिटावर 'शनिवार 01:30' असेल, तर शुक्रवारच्या जेवणानंतरची ती रात्र. शनिवारी सावकाश वरणभात खाऊन निघालात, तर विमान कधीच तिकडे पोचलेलं.

म्हणून उलटं मोजा. चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, पण इमिग्रेशन आणि तपासणीच्या रांगा धरून तीन तास आधी, म्हणजे शुक्रवारी रात्री 10:30 ला टर्मिनल 2 वर. डोंबिवलीहून शुक्रवारची वाहतूक धरून अडीच तास. टॅक्सीवाला "इंटरनॅशनल की डोमेस्टिक?" विचारेल; नुसतं उत्तर देऊ नका, "टर्मिनल 2, सहार" सांगा. डोमेस्टिक विमानंही तिथून सुटतात, त्यामुळे त्या प्रश्नात काही राम उरलेला नाही.

आणि शुक्रवारी रात्री 8 ला बॅगा डिकीत चढवताना काका गॅलरीतून ओरडतातच, "अहो, तुमचं तिकीट उद्याचं ना?"