‘लहान धंद्याला सीए कशाला?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘छोट्या धंद्यासाठी अकाउंटंट निवडण्याची पाच गुपिते’ असा एक संदेश सध्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. चाकणजवळ फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तो मला पाठवला, एवढेच नव्हे तर त्याप्रमाणे वागायची तयारीही चालवली, म्हणून हा प्रतिवाद. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: लहान धंद्याला सीए (चार्टर्ड अकाउंटंट) लागत नाही; जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल अकाउंटंटचाच द्यावा, म्हणजे ओटीपीची कटकट राहत नाही; चूक झाली तर जबाबदारी त्याची; 40 लाखांपर्यंत जीएसटी नाही आणि 12 लाखांपर्यंत आयकर नाही, तेव्हा हिशेब ठेवायचे कारणच नाही; आणि जास्तीत जास्त रिफंड काढून देईल तो अकाउंटंट उत्तम.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. जीएसटीची विवरणपत्रे मालकाला स्वतः भरता येतात, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरलाही भरता येतात, आणि रोजची बिले रोज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणारा हिशेबनीस हा वर्षातून एकदा सही करणाऱ्या सीएपेक्षा धंद्याला अधिक उपयोगी पडतो. मात्र टॅक्स ऑडिटचा, म्हणजे आयकरासाठी होणाऱ्या हिशेबतपासणीचा, अहवाल सीएखेरीज कोणाला देता येत नाही. सीएच्या अशा अहवालावर किंवा प्रमाणपत्रावर 18 अंक-अक्षरांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. ‘मी सीएच्या ऑफिसातच असतो’ असे सांगणाऱ्याने आणलेला कागद बँकेत देण्यापूर्वी एवढे तरी करावे.

दुसरा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. जीएसटी पोर्टलवर ओटीपी टाकणे म्हणजे मालकाने सही करणे होय. तो दुसऱ्याच्या मोबाइलवर जाऊ लागला की आपल्या नावाने काय दाखल होते आहे हे आपल्याला कळण्याचा मार्गच बंद होतो. पोर्टलवर नोटीस उपलब्ध करून देणे ही कायद्याने मान्य केलेली बजावणीची रीत आहे. त्यामुळे अकाउंटंटने ईमेल उघडला नाही, तरी नोटीस मिळालीच असे धरले जाते, पुढे आदेश निघतो आणि अपिलाची तीन महिन्यांची मुदत मालकाला पत्ता लागण्याआधीच संपून जाऊ शकते. शिवाय फीवरून वाजले, तर पासवर्ड बदलायचा ओटीपीसुद्धा त्याच माणसाकडे! अशा तक्रारी इतक्या आल्या की 2018 मध्ये सरकारला स्वतंत्र पद्धत ठरवावी लागली: मालकाने कागदपत्रे घेऊन आपल्या कार्यक्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे जायचे आणि नोंदीतला मोबाइल व ईमेल बदलून घ्यायचा. वास्तविक प्रॅक्टिशनरला स्वतःच्या लॉगिनमधून काम करता यावे यासाठी त्याला पोर्टलवरच नेमण्याची आणि काढण्याचीही सोय आहे, तेव्हा पासवर्ड हाती देण्याचे कारण उरत नाही.

जबाबदारीच्या मुद्द्यावर वाद घालण्याचीच गरज नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 मधील कलम 48(3) स्वच्छ सांगते की, विवरणपत्र प्रॅक्टिशनरने भरलेले असले तरी त्यातील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीवरच राहते. जीएसटीआर-3बी (विक्री आणि कराचा गोषवारा देणारे विवरणपत्र) उशिरा भरला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, थकलेल्या करावर 18 टक्के व्याज, आणि हे सारे मालकाच्या खिशातून. त्याहून जास्त झळ बाजारात बसते. जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचे विवरणपत्र) वेळेत गेला नाही, तर आपले बिल आपल्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या 2बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तिच्या खरेदीच्या यादीत, दिसत नाही, तिला त्या बिलावरील कराचे क्रेडिट (वजावट) मिळत नाही, आणि ती करापुरती रक्कम बिनदिक्कत अडवून ठेवते. त्या वेळी ‘चूक अकाउंटंटची आहे’ हे तिच्या पर्चेस खात्यातला कोण ऐकून घेतो?

मर्यादांचे आकडे खरे, पण अर्धवट आहेत. जीएसटीची 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा केवळ माल विकणाऱ्यांसाठी आहे. गिऱ्हाइकाच्या पत्र्यावर मजुरी घेऊन काम करणे ही सेवा ठरते आणि तिथे मर्यादा 20 लाखांची, म्हणजे भावाचे जॉबवर्क यातच येते. आयकरातील 12 लाखांची सवलत ही व्यक्तीला, नव्या करप्रणालीत आणि उत्पन्नावर आहे, उलाढालीवर नव्हे. भागीदारी संस्थेला ती मुळीच नाही, तिला पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर लागतो. उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे हे दाखवायलाही हिशेब लागतोच, ही साधी गोष्ट संदेशकर्त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

राहिला रिफंड. नफ्याच्या टक्क्यावर किंवा कामाच्या निकालावर अवलंबून फी घेणे हे सीएच्या बाबतीत 1949 च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, त्यामुळे रिफंडमध्ये टक्का मागणारा माणूस एकतर सीए नसतो किंवा स्वतःच्या संस्थेचे नियम मोडत असतो. खोट्या वजावटी दाखवून मिळवलेला रिफंड पुढे उघडकीस आला, तर चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो, आणि ती नोटीस टक्का घेणाऱ्याच्या नावाने निघत नाही.