‘फोटो काढू दिला म्हणजे कॉपीराइट नाही’ : खुलासा

आधुनिक कलेच्या संग्रहालयात फोटो काढू दिला, तर त्या चित्रावर कॉपीराइट नाही आणि फोटो कुठेही वापरता येतो, असा एक मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

फोटो काढू द्यायचा की नाही, हा संग्रहालयाचा स्वतःचा नियम. कॉपीराइट ही वेगळी गोष्ट आहे. तो चित्रकाराचा आणि त्याच्यामागे वारसांचा असतो. चित्र विकत घेतलं म्हणून संग्रहालयाला तो आपोआप मिळत नाही. त्यामुळे जो हक्क संग्रहालयाकडेच नाही, तो ते तुम्हाला कुठून देणार?

माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राचा फोटो काढायला बरीच वर्षं बंदी होती. २०२३ साली ती उठली. पण पिकासो वारला १९७३ साली, आणि युरोपात कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर किमान ७० वर्षं टिकतो. म्हणजे बंदी गेली, कॉपीराइट आहेच. आठवणीसाठी फोटो जवळ ठेवणं वेगळं आणि तोच टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. असं विकायला हक्कधारकाची परवानगी लागते.

उलटही खरं आहे. डच चित्रकार मोंद्रियान १९४४ साली वारला, युरोपात त्याच्या चित्रांच्या कॉपीराइटची मुदत संपली आहे. तरी दालनात ‘फोटो काढू नये’ अशी पाटी असेल तर ती पाळावीच लागते. विशेषतः उसनी आणलेली चित्रं असली की मालकाच्या अटी असतात. फ्लॅश आणि ट्रायपॉडवरच्या बंदीचा तर कॉपीराइटशी काही संबंधच नाही.